घरच्या जुन्या पीसींवर बिल्ड फार्म: परवडतं का? अनुभव सांगा

मुळशीकर | ४ जुलै, रात्री ११.१०

मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही पाच जण मिळून एक मुक्तस्रोत सी++ लायब्ररी सांभाळतो. नकाशाचा कच्चा डेटा घ्यायचा, त्याच्या टाइल्स काढायच्या आणि त्यावर गावांची नावं छापायची, एवढंच तिचं काम. नऊशेच्या आसपास फायली आहेत. नोकऱ्या सांभाळून करतो. देणगीपेटीत महिन्याला तीन-साडेतीन हजार पडतात.

दुखणं असं की प्रत्येक पुल रिक्वेस्टला (म्हणजे कुणी पाठवलेल्या कोडमधल्या बदलाला) लिनक्स, विंडोज आणि मॅकवर बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणं) आणि टेस्ट चालतात. लिनक्सवर परत दोन कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्रॅम), त्यात डीबग (चुका शोधायचं बिल्ड) वेगळं, रिलीज (वापरायला द्यायचं) वेगळं. फुकटच्या रनरवर (बिल्ड चालवायला मिळणाऱ्या दूरच्या मशीनवर) एक पूर्ण बिल्ड ३१ मिनिटं आणि त्यावर टेस्ट १४ मिनिटं. सवड सगळ्यांनाच रविवारी, त्यामुळे रविवारी दुपारी रेशनच्या दुकानासारखी रांग. मागच्या आठवड्यात एका नवख्या मुलीनं कागदपत्रांतली एक ओळ आणि कोडमधला एक कंस दुरुस्त करून पाठवला. हिरवी खूण यायला पावणेदोन तास लागले. ती परत येईल असं मला वाटत नाही.

म्हणून शनिवारी पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजूला चक्कर मारली आणि कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले तीन पीसी उचलले. सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, नगाला साडेसात हजार. दोघांनी वर्गणी काढली, उरलेले माझे. आता विचार असा की तिघांना डिस्टसीसीनं (एक बिल्ड अनेक मशिनांत वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमनं) जोडायचं आणि हेच आपले रनर म्हणून लावायचे, म्हणजे घरचं बिल्ड फार्म.

कुणी केलंय का असं? वीज, नेट, सुरक्षा या बाबतीत काय वाढून ठेवलंय ते आत्ताच सांगा. बायकोला मी अजून "एक पीसी आणलाय" एवढंच सांगितलंय.

सुतळीबाँब | ४ जुलै, रात्री ११.३२

साडेबावीस हजारांचं भंगार! अरे, पब्लिक रेपोला (सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या साठ्याला) गिटहब ॲक्शन्सचे, म्हणजे गिटहब साइटच्या बिल्ड सेवेचे, साधे रनर फुकट आहेत. जानेवारी २०२४ पासून लिनक्सवाल्याला ४ कोअर आणि १६ जीबी रॅम देतात. तुझ्या तीन डब्यांची मिळून २४ जीबी होते. फुकट मिळतंय ते सोडून घरात हीटर कशाला लावतोस?

मुळशीकर | ४ जुलै, रात्री ११.४५

फुकट आहे रे, पण एका वेळी २० जॉब, त्यात मॅकचे फक्त ५. आमची सगळी संस्था मिळून एवढंच. एका पुल रिक्वेस्टचे ११ जॉब होतात. तिघांनी एकदम काही ढकललं की झालं.

आणि फुकटचं कायम टिकत नाही हे एकदा भोगलंय.

राईनकाठ | ५ जुलै, पहाटे ३.०५

(इथे अजून रात्रच आहे.)

"फुकटचं टिकत नाही" याला अनुमोदन. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: ट्रॅव्हिस सीआय (सीआय म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड-टेस्ट चालवणं) २०११ च्या सुमारास बर्लिनमध्ये सुरू झालं. मुक्तस्रोत प्रकल्पांना फुकट. रेपोत एक छोटी फाइल टाकली की काम झालं. आमची अख्खी पिढी सीआय तिथेच शिकली. जानेवारी २०१९ मध्ये ती कंपनी विकली गेली, नोव्हेंबर २०२० मध्ये फुकट मिनिटांवर मर्यादा आली आणि जून २०२१ मध्ये मुक्तस्रोतवाली जुनी साइट बंदच झाली. हजारो प्रकल्पांनी घाईघाईत बिऱ्हाड हलवलं.

यात नुसती कंपन्यांची हाव नव्हती. त्याच सुमाराला लोकांनी फुकटच्या सीआयवर क्रिप्टो मायनिंग सुरू केलं होतं. त्यामुळेच गिटहबसारख्याच गिटलॅबनं २०२१ मध्ये फुकट मिनिटांसाठीही क्रेडिट कार्डाची पडताळणी लावली.

मोठ्यांचीही हीच गत. फ्रीडेस्कटॉप, म्हणजे मेसा, वेलँड, एक्स वगैरे लिनक्सच्या ग्राफिक्सचे प्रकल्प जिथे राहतात ते घर. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की गिटलॅबचा खर्च वर्षाला ७५,००० डॉलरच्या मार्गावर आहे. यातली गंमत बघा: पैसे कंपाइल करण्यात जात नव्हते. ती मशिनं बऱ्याच अंशी दान मिळालेली होती. पैसे जात होते बिल्डमधून निघालेल्या फायली आणि कंटेनरच्या (बिल्डला लागणारं सगळं भरलेल्या डब्याच्या) प्रतिमा साठवण्यात नि त्या बाहेरच्या रनरना पुन्हा पुन्हा पुरवण्यात. पुढे त्यांना इक्विनिक्स कंपनीची मशिनं दान मिळाली. २०२५ च्या सुरुवातीला तेही संपणार असं कळलं. अल्पाइन लिनक्स त्याच बोटीत. फ्रीडेस्कटॉप शेवटी हेट्झनर या सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे पैसे भरून गेलं.

म्हणून माझा सल्ला: मशीन मोजण्याआधी बाइट मोज. तुझ्या घरच्या नेटवरून दर बिल्डला २ जीबीचा कंटेनर उतरणार असेल तर तीन पीसी काय नि तीस काय.

जुनाट | ५ जुलै, सकाळी ७.२०

मुळशीकर, पीसी घेतलेत ते घेतलेत, पण आधी एक सांगा. ३१ मिनिटांत नेमकं काय होतं ते मोजलंय का? सीसीकॅश (आधी कंपाइल झालेलं आठवून ठेवणारा प्रोग्रॅम) लावलंय का?

मुळशीकर | ५ जुलै, सकाळी ९.०२

लावलंय काका. पण फरक पडत नाही. म्हणूनच मशिनं आणली.

जुनाट | ५ जुलै, सकाळी ९.४०

फरक पडत नाही म्हणजे हिट (जुनं काम तसंच वापरता आलं, असं) किती टक्के? बिल्ड संपल्यावर सीसीकॅशला आकडेवारी छापायला लावा आणि इथे टाका.

मुळशीकर | ५ जुलै, सकाळी ११.१५

४ टक्के. 🙈

जुनाट | ५ जुलै, दुपारी १२.३०

वाटलंच होतं. गळकी बादली भरायला तीन नळ आणलेत तुम्ही.

सीसीकॅश काय करतं ते नीट समजून घ्या. सोर्स (लिहिलेलं कोड), त्यात ओढलेले हेडर (अनेक फायलींना लागणाऱ्या सामायिक फायली), कंपायलरचे फ्लॅग (त्याला दिलेल्या सूचना) आणि खुद्द कंपायलर या सगळ्याचा मिळून एक हॅश (ओळखीचा आकडा) काढतं. तो आधी पाहिलेला असला तर जुनी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) तशीच उचलून देतं. यातलं एक जरी हललं तरी नवा हॅश, म्हणजे पुन्हा कंपाइल. तुमच्याकडे काय हलतंय ते शोधायचं. नेहमीचे संशयित सांगतो.

पहिला संशयित कंपायलर. सीसीकॅश डीफॉल्टला कंपायलरच्या फाइलची तारीख आणि आकार बघतं. तुम्ही कंटेनरमध्ये जीसीसी कंपायलर स्वतः सोर्समधून बांधत असाल तर प्रतिमा नव्यानं बांधली की तारीख बदलणार आणि सगळी कॅश पाण्यात. तारखेऐवजी मजकूर तपास, असं सेटिंग आहे.

दुसरा, फोल्डरचा पत्ता. डीबग माहितीसकट बांधताना चालू फोल्डरही हॅशमध्ये जातो. रनर दर वेळी वेगळ्या नावाच्या फोल्डरात कोड उतरवत असेल तर हिट कशी लागणार? बेस डिरेक्टरी सांगा आणि कंपायलरला पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलून लिहायचा फ्लॅग द्या.

तिसरा, कुठल्यातरी सगळीकडे ओढल्या जाणाऱ्या हेडरात आजची वेळ किंवा गिटचा कमिट क्रमांक (नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा वेगळा क्रमांक) भरलेला असणे. हे पाप प्रत्येक प्रकल्पात एकदा तरी घडतं.

आणि कॅश मुख्य शाखेवर (प्रकल्पाच्या मूळ कोडवर) भरा. गिटहबवर एका पुल रिक्वेस्टनं साठवलेली कॅश दुसऱ्या पुल रिक्वेस्टला दिसत नाही, पण मुख्य शाखेची सगळ्यांना मिळते. जागा मुळात १० जीबी. त्यामुळे डीबग-रिलीज-दोन कंपायलर असं सगळं भरायला गेलात तर ती एकमेकांना ढकलून देतात.

सुतळीबाँब | ५ जुलै, दुपारी १२.४१

काका, "गळकी बादली" फ्रेम करून लावतो.

मुळशीकर | ६ जुलै, रात्री १२.५०

काका, दंडवत. तिन्ही पापं सापडली. कंटेनर दर रात्री नव्यानं बांधला जात होता, कुणी सुरू केलं आठवतही नाही. आणि आवृत्ती सांगणाऱ्या हेडरात कमिट क्रमांक होता. तो हेडर ८४० फायलींत जात होता. आता क्रमांक एकाच छोट्या फाइलीत हलवला.

मुख्य शाखेवर कॅश भरून पुल रिक्वेस्ट चालवली: हिट ९३ टक्के, बिल्ड ३१ मिनिटांवरून ४ मिनिटं २० सेकंद. खर्च शून्य रुपये.

आता तीन पीसींचं काय करू ते सांगा. (बायकोनं आज तिन्ही पाहिले.)

चिंचोका | ६ जुलै, सकाळी ८.३०

नमस्कार, मी तिसऱ्या वर्षाला आहे, गडहिंग्लजला. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. डिस्टसीसी आणि सीसीकॅश यात फरक काय? आणि डिस्टसीसीनं तीन मशिनं जोडली तर तिप्पट वेग मिळतो का?

जुनाट | ६ जुलै, सकाळी १०.१०

बाळबोध नाही, मुद्द्याचा आहे. सीसीकॅश झालेलं काम आठवतं. डिस्टसीसी न झालेलं काम वाटून देतं.

डिस्टसीसी २००२ च्या सुमाराचं, मार्टिन पूल यांनी लिहिलेलं. मुख्य मशीन आधी सगळे हेडर आत ओढून एकसंध फाइल बनवतं, ती जाळ्यावरून दुसऱ्या मशीनला पाठवतं, ते कंपाइल करून ऑब्जेक्ट फाइल परत देतं. म्हणजे पलीकडे तुमच्या लायब्रऱ्या लागत नाहीत, फक्त कंपायलर लागतो, तोही त्याच आवृत्तीचा. आता बघ, कुठे अडेल? हेडर ओढणं मुख्य मशीनवर. लिंकिंग (सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणं) मुख्य मशीनवर. कॉन्फिगर (बिल्डची आधीची तयारी) मुख्य मशीनवर. तू पोळ्या लाटायला तीन जणी आणल्यास, पण कणीक मळणारी एकच आणि तवाही एकच. डिस्टसीसीचा पंप मोड वापरला तर हेडर ओढायचं कामही पलीकडे जातं. पण लिंक करताना ऑप्टिमायझेशन चालू असेल तर सगळा वेळ शेवटच्या टप्प्यात जातो आणि तो वाटता येत नाही. वायफायवर तर हा नाद करूच नकोस. गिगाबिट स्विच आणि तार हवी.

सुसे लिनक्सवाल्यांचं आइसक्रीम नावाचं साधन यावरूनच निघालं. त्यात मधे एक शेड्युलर असतो, कुठलं मशीन मोकळं आहे ते बघून काम देतो. एकाच ऑफिसात दहा जण दिवसभर कंपाइल करत असतील तर उत्तम. पाच जण पाच गावांत असतील तर उपयोग नाही.

आणि हो, डिस्टसीसीचा पोर्ट (बाहेरून जोडणी घेणारं दार) उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवायचा नाही. साध्या जोडणीत ओळखपाळख तपासायची सोयच नाही, जो येईल त्याचं काम करतो.

सुतळीबाँब | ६ जुलै, सकाळी १०.२५

मग बाझेल हे बिल्डचं साधन घ्या की! गूगलनं २०१५ ला खुलं केलंय. दूरच्या मशिनांवर बिल्ड, सामायिक कॅश, सगळं तयार.

जुनाट | ६ जुलै, सकाळी १०.५०

बाझेल चांगलं आहे. पण प्रत्येक फाइल कशावर अवलंबून आहे हे काटेकोर लिहावं लागतं, तरच दूरच्या मशीनवर भरवसा ठेवता येतो. नऊशे फायलींचा सीमेक या बिल्डच्या साधनावरचा प्रकल्प तिकडे हलवायला पाच जणांचे सहा महिन्यांचे रविवार जातील. सुतळीबाँब, तुम्ही बसणार का?

सुतळीबाँब | ६ जुलै, सकाळी १०.५२

मी फक्त वात पेटवतो काका.

अनुस्वार | ६ जुलै, दुपारी २.१५

बिल्डवर सगळे बोलताहेत, टेस्टच्या १४ मिनिटांवर कुणीच नाही. टेस्ट वाटणं त्याहून सोपं असतं, कारण एक टेस्ट दुसरीची वाट बघत नाही (बघत असेल तर ते आधी सुधारा). गूगलटेस्टला (सी++ च्या टेस्ट चालवणाऱ्या साधनाला) दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिली, एकूण तुकडे किती आणि माझा कितवा, की तो आपला वाटा चालवतो. मुळशीकर, तुमच्या टेस्ट एकाच तात्पुरत्या फोल्डरात लिहीत असतील तर समांतर चालवल्यावर अधूनमधून लाल होतील. ते दिसायला लागलं की "पुन्हा चालव" बटण दाबायची सवय लावू नका.

दुसरं, मला तुमच्या गावांच्या नावांबद्दल विचारायचंय. मी फाँटचं काम करते. नावं छापताना चित्राची तुलना पिक्सेलनं करता का?

मुळशीकर | ६ जुलै, दुपारी ३.४०

हो, पिक्सेलनंच. आणि तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझ्या लॅपटॉपवर ज्या टेस्ट पास होतात त्या रनरवर फेल. "लोणावळा", "शिरवळ", "पलूस" ही तीन नावं कायम. शेवटी वैतागून त्या टेस्ट बंद करून ठेवल्या.

अनुस्वार | ६ जुलै, दुपारी ४.०५

😀 तिन्ही नावांत एक तरी ल किंवा श आहे. तुमच्या लॅपटॉपची भाषा मराठी ठेवली आहे ना?

काही देवनागरी फाँटांत ल आणि श यांची मराठी वळणाची वेगळी रूपं असतात. लिहिणाऱ्यानं भाषा मराठी असं सांगितलं तरच ती येतात, नाहीतर हिंदी वळणाचा ल, श येतो. तुम्ही हार्फबझला (फाँटमधून अक्षरांची रूपं निवडणाऱ्या लायब्ररीला) भाषा न सांगता "तूच अंदाज कर" म्हणत असाल तर ते मशीनच्या लोकॅलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) भाषा धरतं. लॅपटॉपवर मराठी मिळाली. रनरवर लोकॅल नुसता "सी", म्हणजे कुठलीच ठराविक भाषा नाही, त्यामुळे हिंदी वळण. टेस्ट बरोबरच सांगत होती: तुमचं सॉफ्टवेअर ज्याच्या मशीनवर चालेल त्याच्या भाषेप्रमाणे लोणावळ्याचा ल बदलतोय!

उपाय: नकाशाच्या डेटात नावाची भाषा असतेच, ती हार्फबझला स्पष्ट द्या. टेस्टचे फाँट रेपोतच ठेवा, सिस्टिमचा कुठलाही फाँट उचलू देऊ नका. आणि पिक्सेल सोडा, ग्लिफांची (फाँटमधल्या अक्षररूपांची) यादी ताडून बघा. हार्फबझच्या स्वतःच्या टेस्ट तशाच आहेत: हा मजकूर, हा छाटलेला फाँट, ही अपेक्षित ग्लिफांची ओळ. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला अर्धा ऱ नक्की घाला, तिथे भलेभले आपटतात. चित्राच्या तुलनेत फ्रीटाइपची (अक्षरांचं चित्र काढणाऱ्या लायब्ररीची) आवृत्ती बदलली तरी कडेचे दोन पिक्सेल हलतात आणि तुम्ही भलतीकडे शोधत बसता.

मुळशीकर | ६ जुलै, रात्री ९.३०

दोन वर्षं. दोन वर्षं मी त्या रनरला शिव्या घालत होतो.

जुनाट | ७ जुलै, सकाळी ७.४५

आता तुमच्या पीसींचं काय करायचं ते यातूनच निघालं बघा. वेग कॅशनं दिला. पण अनुस्वार ताईंनी सांगितलेली चूक सापडली कशी? दोन मशिनं एकसारखी नव्हती म्हणून. घरची मशिनं वेगासाठी लावू नका, वेगळेपणासाठी लावा.

पोस्टग्रेस हा डेटाबेसचा प्रकल्प हेच २००४ पासून करतोय. त्यांचं बिल्ड फार्म म्हणजे जगभरातल्या स्वयंसेवकांची आपापल्या घरची, ऑफिसची मशिनं. प्रत्येकाला एका प्राण्याचं नाव. मालकानं एक पर्ल स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सोयीत) लावायची. ती वेळ झाली की गिटवरून नवं कोड ओढते, बांधते, टेस्ट चालवते आणि निकाल मध्यवर्ती सर्व्हरला पाठवून देते. बस. मशीनचा एकही पोर्ट उघडा नाही, बाहेरून कुणी आत येत नाही, घरच्या राउटरमागे आरामात चालतं. कुणाकडे जुना कंपायलर, कुणाकडे बीएसडी, कुणाकडे पॉवर प्रोसेसर, कुणाकडे विचित्र लोकॅल. कमिट करणारा नंतर पानावर बघतो, कुठला प्राणी लाल झाला ते.

यात खरी मेख सुरक्षेची आहे. तुमचे तीन पीसी तुम्ही पब्लिक रेपोचे रनर म्हणून लावलेत, तर जगातला कुणीही पुल रिक्वेस्ट पाठवून तुमच्या घरात, तुमच्या राउटरच्या आतल्या बाजूला आपला प्रोग्रॅम चालवू शकतो. गिटहब स्वतःच सांगतं की पब्लिक रेपोला घरचे रनर लावू नका. पोस्टग्रेसच्या पद्धतीत घरच्या मशीनवर फक्त मर्ज झालेलं, म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी वाचलेलं कोड चालतं. अनोळखी पुल रिक्वेस्ट फुकटच्या रनरवर जाऊ द्या, ते यंत्र जॉब संपला की फेकून दिलं जातं.

राईनकाठ | ७ जुलै, दुपारी १.२०

"वाचलेलं" म्हणजे खरंच वाचलेलं. २०२४ च्या एक्सझेड (फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या) प्रकरणात विष टेस्टच्या फायलींत लपवलं होतं आणि ते बाहेर काढणारी ओळ फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोकांना वाटायच्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये नव्हती. सापडलं ते एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे एकाला खटकलं म्हणून. आणि तो गडी, आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेसचाच. म्हणून रिलीजच्या सहीची किल्ली या पीसींवर अजिबात ठेवू नकोस.

वेगळ्या प्रोसेसरसाठी आणखी दोन फुकट दारं. एक, जीसीसी कंपाइल फार्म. मुक्तस्रोतवाल्यांना खातं देतात. पॉवर, आर्म, रिस्क-५ अशी मशिनं, एसएसएचनं आत जायचं. सामायिक आहे, त्यामुळे सगळे कोअर अडवून बसायचं नाही. दुसरं, ओपनसुसेची बिल्ड सर्व्हिस. फेडोरा, डेबियन, उबुंटू, सुसे सगळ्यांची पॅकेजं बांधून देते, प्रत्येक बिल्ड स्वतंत्र व्हीएममध्ये, नेट बंद करून. तुमचा बिल्ड मधेच गुपचूप काही उतरवून घेत असेल तर तिथे लगेच पकडला जातो.

चिंचोका | ७ जुलै, सायं. ६.१०

सर, माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ आहे, ४ जीबीचा. प्रोजेक्ट संपल्यापासून पडून आहे. चालेल का?

मुळशीकर | ७ जुलै, रात्री १०.०५

सर नको रे, दादा म्हण. चालेल म्हणजे, पळेल! स्क्रिप्ट लिहितोय, रविवारी देतो.

नावं ठरली: पोस्टग्रेसनं प्राणी घेतलेत, आपण पक्षी घेऊ. माझे तीन: तांबट (डेबियन, जुना जीसीसी, लोकॅल "सी"), धोबी (फ्रीबीएसडी, क्लँग), शिक्रा (फेडोरा, लोकॅल मराठी, मेमरीच्या चुका पकडणारा सॅनिटायझर लावून). तुझा पाय होला.

विजेचा हिशोब विचारला होता कुणीतरी व्यनिमध्ये (खासगी निरोपात). प्लगला मीटर लावून पाहिलं: रिकामं बसलेलं मशीन २० वॅट, कामाला लागलं की ६० च्या पुढे. तीन मशिनं नुसती बसवली तरी महिन्याला ४३ युनिट. माझ्याकडे वाढीव युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात, म्हणजे साधारण साडेपाचशे रुपये नुसते बसायचे. म्हणून आता रात्री दोनला उठतात, काम करतात, झोपतात.

सुतळीबाँब | ७ जुलै, रात्री १०.१२

तुझ्या घरात सगळ्यात शिस्तीत जगणारे तेच.

राईनकाठ | ८ जुलै, पहाटे २.४०

पैशांचं राहिलं. बंगळूरच्या झिरोधानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी फ्लॉस/फंड जाहीर केला आहे, वर्षाला १० लाख डॉलर, एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख. रेपोत किंवा साइटवर ठराविक साच्याची एक जेसन फाइल ठेवून अर्ज करायचा. जुने पीसी घ्यायला एवढे लागणार नाहीत, पण एखाद्याला सहा महिने पगारी बसवायला कामी येतील.

मुळशीकर | २१ जुलै, रात्री ११.३०

दोन आठवड्यांचा अहवाल.

शिक्रानं पहिल्याच रात्री दोन जागी मेमरीची गळती पकडली. तांबट गुणी आहे, रोज हिरवा. त्याच्यामुळे बंद केलेल्या टेस्ट परत चालू केल्या. लोणावळ्याचा ल आता सगळीकडे मराठी.

धोबीनं मात्र छळलं. १४ तारखेला पाऊस, अडीच तास लाइट नाही. लाइट आली, मशीन आपोआप चालू झालं (बायोसमध्ये ते सेटिंग आठवणीनं केलं होतं), आणि त्यानंतर प्रत्येक रात्री लाल. गिटला कोडच ओढता येईना, म्हणे सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही. अजून म्हणजे? तीन संध्याकाळी प्रमाणपत्रांच्या फायली उचकल्या. मग सहज तारीख बघितली: १ जानेवारी २०१६. मदरबोर्डावरचा बटण सेल मेलेला! लाइट गेली की घड्याळ जन्मतारखेवर. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावलेलं होतं, पण फ्रीबीएसडीवरचं एनटीपीडी फरक हजार सेकंदांहून मोठा दिसला तर घड्याळाला हात न लावता सरळ बंद पडतं. सुरू होताना एकदा कितीही फरक असला तरी जुळव, असं वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलं आणि चाळीस रुपयांचा सेल टाकला. जुने पीसी घेणाऱ्यांनो, तिन्हींचा सेल आधीच बदला.

सगळ्यात मोठा खर्च मात्र लिहायचा राहतो: या दोन आठवड्यांत माझे अकरा तास गेले. नवीन ओळ कोड लिहिलं शून्य.

जुनाट | २२ जुलै, सकाळी ७.१५

अकरा तास कमीच. निकाल कोण बघणार ते ठरवा आता. पोस्टग्रेसचं फार्म चालतं ते कमिट करणारा लाल प्राण्याची जबाबदारी घेतो म्हणून. कुणी बघत नसेल तर तीन मशिनं रोज रात्री अंधारात ओरडत बसतील.

मुळशीकर | २२ जुलै, सकाळी ९.२०

ठरवलं: ज्याचा कमिट, त्याच्याकडे पक्षी. दोन दिवसांत दुरुस्त नाही झालं तर कमिट मागे घ्यायचा. एक जण नाराज आहे, पण मान्य केलंय.

चिंचोका | २६ जुलै, रात्री ९.५०

दादा, होला लावला. आधी चार जॉब समांतर दिले तर लिंक करताना मेमरी संपून मेला. दोनवर आणलं, आता १ तास ५० मिनिटांत होतो. पण एक टेस्ट फेल आहे. माझं काही चुकलं का? चित्र जोडलंय, गावाचं नाव ठिपक्याजवळ न येता पार उजव्या कडेला गेलंय.

मुळशीकर | २६ जुलै, रात्री ११.४०

तुझं काही चुकलेलं नाही. बघतो.

मुळशीकर | २७ जुलै, रात्री १.१५

सापडलं. नाव ठिपक्यापासून किती सरकवायचं तो आकडा आम्ही एका साध्या कॅरमध्ये (सी++ मधला आठ बिटांचा छोटा प्रकार) ठेवला होता. इंटेलवर कॅर ऋण आकडा घेतो, लिनक्सच्या आर्मवर (तुझ्या पायच्या प्रोसेसरवर) घेत नाही. नाव तीन पिक्सेल डावीकडे सरकवायचं होतं. उणे ३ चे झाले २५३ आणि नाव गेलं उजवीकडे शेजारच्या तालुक्यात. हे कोड २०१७ पासून आहे.

सुतळीबाँब | २७ जुलै, सकाळी ८.०५

थांब, मॅकचा रनर पण आर्मच आहे की आता. तिथे इतके दिवस का नाही सापडलं?

मुळशीकर | २७ जुलै, सकाळी ८.३०

ॲपलनं आपल्या आर्मवर कॅर ऋण घेणाराच ठेवलाय. मीही रात्री यावरच अर्धा तास अडकलो.

सुतळीबाँब | २७ जुलै, सकाळी ८.३४

पण पब्लिक रेपोला लिनक्सचा आर्म रनरही फुकट मिळतो. तो लावला असतास तरी सापडलं असतं, हे कबूल कर.

मुळशीकर | २७ जुलै, सकाळी ८.४१

कबूल. पण लावला नव्हता ना.

चिंचोका, दुरुस्ती एका ओळीची आहे, तूच पाठव. कॅरच्या जागी आठ बिटांचा ऋण घेणारा पूर्णांक. आणि टेस्टमध्ये गडहिंग्लजचं नाव घाल.